जुन्या पेट्रोल गाडीचं इग्निशन टायमिंग: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हे सगळं डिस्ट्रिब्युटरवाल्या (डिस्ट्रिब्युटर म्हणजे प्लगांना पाळीपाळीने करंट वाटणारा भाग) गाड्यांसाठी आहे. म्हणजे प्रीमियर पद्मिनी, पेट्रोल अ‍ॅम्बेसिडर, कार्बोरेटरवाली मारुती ८०० किंवा जिप्सी, असल्या गाड्या. २००० च्या आसपास आपल्याकडे एमपीएफआय (कॉम्प्युटरने पेट्रोल सोडणारी इंजेक्शन यंत्रणा) आलं आणि हा सगळा उद्योग हळूहळू संपला, त्यामुळे आता टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) हातात घेणारे मेकॅनिकही कमी झालेत आणि जे आहेत त्यातले निम्मे कानाने सेट करतात. स्वतः करता येतं, अवघड नाही, फक्त घाई करायची नाही.

इग्निशन टायमिंग म्हणजे नक्की काय सेट करतो आपण?

प्लगला करंट कधी मिळायचा, एवढंच. पिस्टन वर येताना पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबतो, ते पेटलं की पिस्टन खाली ढकलला जातो. पण मिश्रण ठिणगी पडल्या पडल्या सगळं एकदम जळत नाही, त्याला थोडा वेळ लागतो, म्हणून ठिणगी पिस्टन टोकाला पोचायच्या आधीच टाकावी लागते. ते टोक म्हणजे टीडीसी, आणि किती आधी ते क्रँकशाफ्टच्या डिग्रीत मोजायचं. "टीडीसीच्या आधी १० डिग्री" म्हणजे क्रँक अजून १० डिग्री फिरायचाय तेव्हा ठिणगी. ठिणगी आधी नेणं म्हणजे ॲडव्हान्स, उशिरा नेणं म्हणजे रिटार्ड.

आता आकडे टाकून बघा म्हणजे ॲडव्हान्सचं सगळं डोक्यात बसेल. समजा मिश्रण नीट जळायला २ मिलिसेकंद लागतात. ८०० आरपीएमला क्रँक सेकंदाला ४८०० डिग्री फिरतो, म्हणजे २ मिलिसेकंदात साधारण साडेनऊ डिग्री. ३००० आरपीएमला तोच क्रँक सेकंदाला १८००० डिग्री फिरतो, म्हणजे तेवढ्याच वेळात ३६ डिग्री. वेळ तीच पण क्रँक जवळजवळ चौपट पुढे गेला. प्रत्यक्षात स्पीड वाढला की सिलिंडरमधली घुसळणही वाढते आणि जळणं थोडं फास्ट होतं, त्यामुळे गणित एवढं सरळ नाही, पण कारण हेच. म्हणून डिस्ट्रिब्युटरमध्ये टायमिंग आपोआप पुढे नेणारी यंत्रणा असते, आणि आपण सेट करतो ती फक्त सुरुवात.

टायमिंग बेल्ट बदलला की हे टायमिंग आपोआप सेट होतं का?

नाही. बेल्ट किंवा चेनचं टायमिंग म्हणजे व्हॉल्व्ह कधी उघडायचे ते. ते दाते जुळवून बसवायचं असतं, त्यात कमी-जास्त करायला काही नसतं. पण बेल्ट किंवा चेनचं काम झालं, की इग्निशन टायमिंग नंतर चेक करायलाच पाहिजे, कारण डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टवरूनच फिरतो.

टायमिंग बिघडलंय हे कशावरून कळतं?

जास्त ॲडव्हान्स म्हणजे ठिणगी फार लवकर: चढावर किंवा टॉप गिअरला कमी स्पीडवरून ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनातून खडखड, टिणटिण असा आवाज येतो, ज्याला आपण नॉकिंग म्हणतो. स्टार्ट करताना स्टार्टर अडखळतो, इंजिन उलटा झटका देतं. हँडल मारून गाडी चालू करणाऱ्यांनी हे फार सांभाळायचं, हँडल उलटं फिरून मनगट मोडल्याच्या गोष्टी जुन्या ड्रायव्हर लोकांकडून ऐकल्या असतील, त्या खऱ्या आहेत. अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मूठ वळून धरायचं नाही.

रिटार्ड म्हणजे ठिणगी उशिरा: गाडी ओढत नाही, पिकअप गेलेला असतो, पेट्रोल जास्त खाते, आणि इंजिन गरम होतं. हे शेवटचं लोकांना पटत नाही पण असंच होतं, मिश्रण उशिरापर्यंत जळत राहतं आणि ती उष्णता पिस्टन ढकलण्याऐवजी सिलिंडरच्या भिंतींना आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डला जाते. सायलेन्सरमध्ये फटाके वाजणं हेही त्यातलंच असू शकतं. रेडिएटर साफ केला, थर्मोस्टॅट बदलला, वॉटर पंप बदलला तरी गाडी तापतेच आहे, अशी पद्मिनी कुणाची असेल तर आधी टायमिंग लाइट लावा.

गाडी नॉक करते, मेकॅनिक म्हणतो टायमिंग मागे घेऊन टाकू. घेऊ का?

मोजल्याशिवाय नाही. नॉकिंग बंद करायचा तो सोपा रस्ता आहे हे खरं, आवाज थांबतो, पण खरं कारण दुसरंच असेल तर गाडी आता नॉक न करता मरगळल्यासारखी चालणार आणि वर तापणार. आधी लाइट लावून बघा टायमिंग जिथे असायला पाहिजे तिथेच आहे का. तिथेच असेल तर दोष बाकीकडे शोधायचा: सिलिंडरमध्ये साठलेला कार्बन, चुकीच्या हीट रेंजचे (म्हणजे जास्त तापून राहणारे) प्लग, कार्बोरेटरमधून कमी पेट्रोल येणं म्हणजे लीन मिश्रण, इनटेक मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा ओढणं, इंजिन मुळातच जास्त तापलेलं असणं, किंवा पेट्रोलमध्ये घासलेटची भेसळ. घासलेटने ऑक्टेन (पेट्रोलची नॉकिंग टाळायची ताकद) धाडकन खाली येते. एका पंपावर टाकी भरल्यावर अचानक नॉकिंग सुरू झालं तर डिस्ट्रिब्युटरला हात लावायचाच नाही, ते पेट्रोल संपवा, दुसरीकडे भरा, मग बोलू.

टायमिंगला हात लावायच्या आधी काय काय बघायचं?

इथेच सगळे चुकतात, म्हणून जरा लांब लिहितो. टायमिंग हे शेवटचं काम आहे. प्लग, पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधली उघडझाप करणारी करंटची टोकं), टॅपेट (व्हॉल्व्हची गॅप), आयडलिंग (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालणं) हे सगळं झाल्यावर टायमिंग, कारण आधी टायमिंग केलं आणि मग पॉइंट बदलले तर केलेलं सगळं पाण्यात.

पॉइंटची गॅप आणि टायमिंग एकमेकांना बांधलेलं आहे. ठिणगी पडते पॉइंट उघडतात त्या क्षणी. गॅप वाढवली की डिस्ट्रिब्युटरमधला कॅम पॉइंटला लवकर उघडतो, टायमिंग ॲडव्हान्स होतं. गॅप कमी झाली की उशिरा उघडतात, टायमिंग रिटार्ड. आणि गाडी चालून चालून पॉइंटची ती फायबरची टाच घासत जाते, गॅप हळूहळू कमी होते, म्हणजे गाडी नुसती वापरूनच टायमिंग मागे सरकत राहतं. त्यामुळे अर्ध्या केसेसमध्ये नुसती गॅप परत सेट केली की टायमिंग आपोआप जागेवर येतं आणि डिस्ट्रिब्युटर फिरवायची वेळच येत नाही.

गॅप कशी बघायची: डिस्ट्रिब्युटरची कॅप काढा, आतला फिरणारा रोटर काढा, इंजिन असं फिरवा की पॉइंटची टाच कॅमच्या बरोब्बर उंचवट्यावर येईल, पॉइंट जास्तीत जास्त उघडलेले पाहिजेत. मग फिलर गेज (ठराविक जाडीची पत्री) घाला. अ‍ॅम्बेसिडरच्या इंजिनाबरोबर येणाऱ्या लुकासच्या २५डी डिस्ट्रिब्युटरला ०.३५ ते ०.४० मिमी लागते. बाकी गाड्यांचं त्यांच्या मॅन्युअलमध्ये बघा. गेज हलकं अडखळत सरकलं पाहिजे, सैल नको आणि पॉइंट ढकलायलाही नको. आता एक गोम: जुन्या पॉइंटच्या एका बाजूला खड्डा पडतो आणि दुसऱ्या बाजूला टेकडी उगवते, तेव्हा सपाट गेज टेकडीवर टेकतं आणि खरी गॅप त्यापेक्षा जास्त असते. असे पॉइंट फाइलने घासत बसू नका, बदला. आणि खड्डे फार लवकर पडत असतील तर कंडेन्सर बघा, तो गेला की पॉइंटमध्ये ठिणग्या उडतात आणि ते जळतात.

ड्वेल मीटर (पॉइंट किती डिग्री मिटलेले राहतात ते मोजणारा) असेल तर गेजपेक्षा तो भारी. २५डीला ड्वेल ६० डिग्री, तीन इकडे-तिकडे चालतं.

मग प्लग काढून बघा, कॅपला आतून तडा किंवा काळी रेघ आहे का बघा, रोटरचं टोक जळलंय का बघा, मधला छोटा कार्बन दट्ट्या स्प्रिंगवर आत-बाहेर होतो का. प्लग वायर एखादी खराब असेल तर मिसिंग होईल आणि तुम्ही ते टायमिंगच्या नावावर घालाल.

शेवटी आयडलिंग. आयडल स्पीड जास्त ठेवून टायमिंग बघितलं तर डिस्ट्रिब्युटरमधली ॲडव्हान्सची वजनं आधीच उघडायला लागलेली असतात, आकडा खोटा येतो. मॅन्युअलमध्ये ज्या आरपीएमला बघायला सांगितलंय त्याच आरपीएमला बघायचं.

सामान काय लागतं?

टायमिंग लाइट, ज्याचा एक क्लिप एक नंबरच्या प्लग वायरला नुसता चिमट्यासारखा बसतो, वायर कापायला लागत नाही. टॅकोमीटर, म्हणजे आरपीएम बघायला. फिलर गेज. डिस्ट्रिब्युटरच्या क्लॅम्पच्या बोल्टला बसेल तो पाना. कार्बोरेटरकडून डिस्ट्रिब्युटरला येणाऱ्या व्हॅक्युम पाइपचं तोंड बंद करायला एखादा स्क्रू. पांढरा खडू किंवा व्हाइटनर. चिंधी. लाइट साधाच घेतला तरी चालतो, मागे डायल असलेला घेतलात तर ॲडव्हान्सचे आकडे वाचता येतात, ते पुढे कामाला येतं.

खुणा कुठे असतात? मला काहीच दिसत नाही.

बहुतेक वेळा दिसत नाहीत कारण त्यावर वीस-तीस वर्षांचं ग्रीस आणि माती असते. अ‍ॅम्बेसिडरच्या १४८९ सीसी इंजिनाला पुढच्या क्रँक पुलीच्या कडेला खाच असते आणि टायमिंग कव्हरवर छोटे दात किंवा पॉइंटर असतात, पण ते आहेत अशा ठिकाणी की कधी कधी खालून वाकून बघावं लागतं. मारुती ८०० वाले मात्र पुलीकडे शोधत बसतात आणि कंटाळतात, तिथे खूण फ्लायव्हीलवर असते, गिअरबॉक्सच्या बेल हाउसिंगला वर एक छोटं भोक आहे त्यावर रबरी बूच बसवलेलं असतं, ते काढायचं आणि आत बघायचं.

घासलेट किंवा पेट्रोलच्या चिंधीने पुसून घ्या, खाचेत व्हाइटनर भरा, त्या योग्य डिग्रीच्या दातालाही लावा. नुसतं एवढं केलं तरी काम निम्मं झालं.

पुलीवर फक्त टीडीसीची खूण आहे आणि डिग्रीची नाही असंही होतं, विशेषतः कुणीतरी दुसरीच पुली बसवलेली असेल तर. मग मोजायचं. पुलीचा व्यास समजा १३० मिमी आहे, तर परीघ साधारण ४०८ मिमी, त्याला ३६० ने भागून १० ने गुणलं की ११.३ मिमी. म्हणजे १० डिग्रीची खूण टीडीसीच्या खुणेपासून पुलीच्या काठावर ११.३ मिमी अंतरावर. कुठल्या बाजूला? पुली फिरते त्या दिशेला. फिरताना पॉइंटरसमोर १० डिग्रीची खूण आधी आली पाहिजे आणि टीडीसीची मागून.

एक नंबरचा सिलिंडर कुठला आणि तो कॉम्प्रेशनवर आहे हे कसं ओळखू?

पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसिडरला पुढून पहिला, म्हणजे पुलीच्या बाजूचा. फायरिंग ऑर्डर दोघींची १-३-४-२. मारुती ८०० तीन सिलिंडरची आहे, तिथे १-३-२, आणि तिथेही टायमिंग बेल्टच्या बाजूचा तो एक नंबर.

क्रँक दोन फेरे मारतो तेव्हा डिस्ट्रिब्युटर एक फेरा मारतो. त्यामुळे पुलीची खूण जुळली म्हणजे एक नंबर कॉम्प्रेशनवर असेलच असं नाही, एक्झॉस्टच्या शेवटीही पिस्टन तिथेच असतो. एक नंबरचा प्लग काढून भोकावर अंगठा दाबून धरा आणि दुसऱ्याला इंजिन हळू फिरवायला सांगा. हवा अंगठा ढकलायला लागली की कॉम्प्रेशन. मग खूण जुळवा. अशा वेळी रोटरचं तोंड कॅपमधल्या एक नंबरच्या वायरकडे पाहिजे.

इंजिन फिरवायला हँडल असेल तर उत्तम. नसेल तर गाडी सपाट जागेवर टॉप गिअरला टाका आणि हळूहळू ढकला, प्लग सगळे काढले की लहान पोरगंही ढकलेल.

टायमिंग लाइट नाहीये. बल्ब लावून करतात ते कसं?

हो, जमतं, आणि पॉइंटवाल्या गाडीला चांगलं जमतं. इंजिन बंद असताना करतात म्हणून त्याला स्टॅटिक टायमिंग म्हणतात. १२ व्होल्टचा छोटा बल्ब, त्याची एक वायर कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरला येणाऱ्या बारीक वायरच्या टोकाला, दुसरी बॉडीला. इग्निशन ऑन. पॉइंट मिटलेले असताना करंट पॉइंटमधूनच अर्थला जातो, बल्ब बंद. पॉइंट उघडले की बल्ब पेटतो. पेटला तोच ठिणगीचा क्षण.

एक नंबर कॉम्प्रेशनवर आणून खूण मॅन्युअलमधल्या स्टॅटिक डिग्रीवर आणा. इंजिन नेहमी ज्या बाजूला फिरतं त्याच बाजूने खुणेवर यायचं, पुढे गेलात तर बरंच मागे नेऊन परत या, नाहीतर चेनचा आणि गिअरचा ढिलेपणा मध्ये येतो आणि दोन-तीन डिग्रीची चूक पडते. मग क्लॅम्प ढिला करा, डिस्ट्रिब्युटर रोटरच्या दिशेने थोडा फिरवा म्हणजे बल्ब विझेल, आता उलट दिशेने अगदी हळू, बल्ब पेटला की थांबा. क्लॅम्प आवळा. मग इंजिन परत दोन फेरे फिरवून बघा की बल्ब बरोब्बर खुणेवरच पेटतो का, कारण क्लॅम्प आवळताना डिस्ट्रिब्युटर हलतोच हलतो.

इग्निशन ऑन ठेवून चहाला जाऊ नका, पॉइंट मिटलेले असतील तर कॉइल तापून बसते.

बरं, लाइट आहे. आता सांगा.

इंजिन नीट गरम करून घ्या, चोक पूर्ण आत. बंद करा. लाइटच्या दोन वायर बॅटरीला, क्लिप एक नंबरच्या प्लग वायरला, क्लिपवर बाण असेल तर तो प्लगच्या बाजूला. वायरी फॅन आणि बेल्टपासून लांब बांधा. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्युम डब्याची पाइप काढा आणि कार्बोरेटरकडच्या तोंडात स्क्रू घालून बंद करा, नाहीतर तिथून हवा ओढली जाऊन आयडलिंग बदलेल. क्लॅम्पचा बोल्ट इतपतच ढिला करा की डिस्ट्रिब्युटर हाताने जोर लावून फिरेल पण आपणहून हलणार नाही.

चालू करा, आरपीएम बघा, लाइट खुणेवर मारा. प्रत्येक ठिणगीला लाइट चमकतो म्हणून फिरती पुली थांबल्यासारखी दिसते आणि पांढरी रेघ पॉइंटरच्या शेजारी स्थिर दिसते. संध्याकाळी किंवा सावलीत करा, दुपारच्या उन्हात काही दिसत नाही. रेघ हवी तिथे नसेल तर डिस्ट्रिब्युटर अगदी केसभर फिरवा. डिस्ट्रिब्युटर १ डिग्री फिरवला की क्रँकवर २ डिग्री फरक पडतो हे लक्षात ठेवा, म्हणून केसभर. आयडल बदललं तर परत जाग्यावर आणा, परत लाइट. आवळा. आणि आवळल्यावर पुन्हा एकदा लाइट. मग पाइप लावा.

सेफ्टीचं दोन शब्दांत सांगतो पण हे वगळू नका. लाइटमध्ये फॅनसुद्धा थांबलेला दिसू शकतो. तो थांबलेला नाही. ढगळ बाह्या, ओढणी, गळ्यातली साखळी, आयकार्डची लेस हे सगळं काढून ठेवा. आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता मारतो.

डिस्ट्रिब्युटर कुठल्या बाजूला फिरवला की ॲडव्हान्स होतं?

रोटर ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट फिरवला की ॲडव्हान्स, त्याच दिशेने फिरवला की रिटार्ड. रोटरची दिशा पाठ करू नका, कॅप काढा, कुणाला तरी स्टार्टरचा एक टिचका मारायला सांगा आणि स्वतः बघा.

माझ्या गाडीला किती डिग्री पाहिजे?

मॅन्युअलमधली. मला माहितीये हे उत्तर कुणाला आवडत नाही, पण एकाच इंजिनाला वेगळा डिस्ट्रिब्युटर, वेगळं कॉम्प्रेशन असलं की आकडा बदलतो, आणि कुणीतरी ग्रुपवर सांगितलेला आकडा त्याच्या गाडीचा असतो. शिवाय स्टॅटिकचा आकडा आणि चालू इंजिनाचा आकडा वेगळे असू शकतात, कुठला वाचताय ते बघा. मॅन्युअल नसेल तर जुन्या गाड्यांच्या क्लबवाल्यांकडे फोटोकॉपी हमखास मिळते.

आतला ॲडव्हान्स काम करतोय की नाही हे कसं बघू?

दोन यंत्रणा आहेत. एक वजनं आणि स्प्रिंगची, स्पीड वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि कॅम पुढे सरकतो. कॅप काढून रोटर हाताने त्याच्या फिरण्याच्या दिशेने पिळा आणि सोडा, तो थोडा फिरून टणकन परत आला पाहिजे. अडकून राहिला किंवा हललाच नाही तर खाली गंज बसलाय, साफ करून दोन थेंब ऑइल. स्प्रिंग तुटली असेल तर ॲडव्हान्स फार लवकर येतो आणि गाडी मधल्या स्पीडला नॉक करते, आयडलला टायमिंग मात्र एकदम बरोबर दिसतं! आयडलचं टायमिंग बरोबर आणि तरी गाडीत दम नाही, यातल्या बऱ्याच गाड्यांचा रोग इथेच असतो.

लाइटने बघायचं तर व्हॅक्युम पाइप काढलेलीच ठेवून हळूहळू रेस द्या. रेघ गुळगुळीतपणे पुढे सरकत गेली पाहिजे, उड्या मारत नाही.

दुसरी व्हॅक्युमची. कमी ॲक्सिलरेटरवर सावकाश जाताना मिश्रण विरळ असतं, सावकाश जळतं, तेव्हा ही यंत्रणा अजून थोडा ॲडव्हान्स देते, पेट्रोल वाचतं ते यातून. कॅप काढून पाइप तोंडाने ओढा, आतली प्लेट हललेली दिसली पाहिजे आणि जीभ लावून धरली तर तशीच राहिली पाहिजे. हवा नुसती येत राहिली तर पडदा फाटलाय. फाटलेल्या पडद्याने गाडी चालते, कुणाला कळतही नाही, फक्त अ‍ॅव्हरेज जातो आणि मालक कार्बोरेटरवाल्याच्या खेपा घालत बसतो.

लाइटमध्ये रेघ एका जागी थांबत नाही, थरथरते.

थोडी थरथर जुन्या इंजिनाला चालते. जास्त असेल तर डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टचा बुश गेलाय. रोटरचा शाफ्ट आडवा हलवून बघा, खडखड हलला तर तेच. शाफ्ट डुलला की प्रत्येक सिलिंडरला पॉइंटची गॅप वेगळी, टायमिंग वेगळं, मग तुम्ही काय सेट करणार? बुश बदला आधी. लांबलेली टायमिंग चेन हेही कारण असू शकतं.

आमचा मिस्त्री कानाने सेट करतो आणि गाडी छान पळते. मग लाइट कशाला?

कानाचा हिशोब असा असतो: डिस्ट्रिब्युटर फिरवत जायचं, आयडल सगळ्यात जास्त चढेल तिथून जरा मागे यायचं. रस्त्यात पॉइंट बदलावे लागले तर घरी पोचायला एकदम ठीक. पण आयडलला इंजिनावर काही लोड नसतो, तिथे त्याला जास्त ॲडव्हान्स आवडतोच, आणि तोच ॲडव्हान्स चार माणसं आणि सामान घेऊन चढावर तिसऱ्या गिअरला नॉकिंग होऊन येतो. शिवाय हायवेला टायरच्या आणि वाऱ्याच्या आवाजात नॉकिंग ऐकूच येत नाही, पिस्टनला मात्र सगळं सोसावं लागतं. चांगला मिस्त्री कानाने सेट करून मग चढावर गाडी नेऊन बघतो. तुमचा नेतो का?

सीएनजीवर चालवतो. टायमिंग वेगळं ठेवू का?

सीएनजी पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो आणि त्याची ऑक्टेन १२० च्या वर, त्यामुळे त्याला थोडा जास्त ॲडव्हान्स मानवतो. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी सीएनजीवर गेल्यावर टॅक्सीवाले टायमिंग थोडं पुढे ठेवायचे ते म्हणूनच. अडचण अशी की डिस्ट्रिब्युटर एकच आणि इंधनं दोन. सीएनजीसाठी पुढे नेलं की पेट्रोलवर टाकल्या टाकल्या नॉक करते. माझं मत विचाराल तर पेट्रोलवर चढावर नॉक होणार नाही इतपतच पुढे न्या आणि सीएनजीवर जो थोडा दम कमी पडेल तो पडू द्या.

ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे टायमिंग बदलायला पाहिजे का?

नॉकिंगच्या भीतीने तर अजिबात नाही. जुनी मॅन्युअल लिहिली गेली तेव्हा पंपावर ८७ आणि ९३ ऑक्टेनचं पेट्रोल मिळायचं, ई२० ची किमान ९५ आहे. त्यामुळे जुन्या इंजिनाला नॉकिंगच्या बाबतीत आता उलट आरामच. मॅन्युअलच्या आकड्यावरच ठेवा. ई२० चा खरा त्रास दुसरीकडे आहे, रबरी पाइप, कार्बोरेटरमधलं डायफ्राम, आणि मिश्रण थोडं लीन होणं. मिश्रण लीन झालं की गाडी अडखळते आणि लोक टायमिंग फिरवायला जातात. कार्बोरेटरचं जेट (पेट्रोल मोजून सोडणारं भोक) बघा, टायमिंग नको.

डिस्ट्रिब्युटर पूर्ण बाहेर काढला होता, परत बसवला, आता गाडी चालूच होत नाही, कार्बोरेटरमधून भसाभस आग मारते.

बहुतेक १८० डिग्री उलटा बसलाय, म्हणजे कॉम्प्रेशनऐवजी एक्झॉस्टच्या टोकाला ठिणगी पडतेय. वर सांगितल्याप्रमाणे अंगठा लावून एक नंबर कॉम्प्रेशनवर आणा आणि रोटर कुठे बघतोय ते बघा, एक नंबरच्या बरोब्बर समोरच्या बाजूला असेल तर हेच. काही डिस्ट्रिब्युटरच्या खालची खाच मधोमध नसते, ते उलटे बसूच शकत नाहीत, गिअरवाले मात्र कसेही बसतात आणि एखादा दात इकडे-तिकडेही होतो. पुढच्या वेळी काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा, रोटरचा आणि बॉडीचा, आणि बॉडीवर नि इंजिनवर मिळून एक रेघ ओढून ठेवा. काढल्यावर इंजिन फिरवू नका. आणि एअर फिल्टर काढून आग मारणाऱ्या कार्बोरेटरवर वाकून बघू नका प्लीज.

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट टाकलं. आता टायमिंग बघायला नको ना?

पॉइंटची गॅप बघायला नको. टायमिंग बघायला पाहिजे, किट बसवल्यावर तर नक्कीच, कारण किटचा सेन्सर पॉइंटच्याच जागी ठिणगी टाकेल असं काही नाही. पण एकदा सेट केलं की टाच घासायचा प्रश्न संपला, ते बराच काळ जागेवर राहतं. वरचा बल्बवाला प्रकार इथे करायचा नाही, लाइटच लागेल. मारुती ८०० च्याच नंतरच्या, पॉइंट नसलेल्या कार्बोरेटरवाल्या मॉडेलनाही हेच लागू.

माझी गाडी नवीन आहे. तिचं टायमिंग कुठून फिरवायचं?

कुठूनच नाही. क्रँक सेन्सर, नॉक सेन्सर आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) मिळून दर ठिणगीचा निर्णय घेतात. ओबीडी स्कॅनर लावलात तर आकडा सतत नाचताना दिसेल, ते नॉर्मल आहे, घाबरून गॅरेजला जाऊ नका.

सेट केलं. आता बरोबर झालंय हे रस्त्यावर कसं बघू?

इंजिन गरम करा, ओळखीचा चढ घ्या. पुण्याकडच्यांना खंबाटकी किंवा दिवे घाट आहेच. वरच्या गिअरला, कमी स्पीडवरून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा, काच खाली आणि रेडिओ बंद. क्षणभर अगदी हलकी टिकटिक येऊन लगेच गेली तर जुन्या इंजिनाला ते चालतं. येतच राहिली तर एक-दोन डिग्री मागे. अजिबात आवाज नाही पण गाडी रडतेय, तर परत लाइट लावून आकडा तपासा. गाडी महाबळेश्वरला नेऊन तिथे टेस्ट करू नका, वरची हवा विरळ असते, इंजिनाला तिथे जास्त ॲडव्हान्स चालून जातो आणि खाली उतरल्यावर नॉकिंग परत हजर.

सगळं बरोबर आहे पण चावी बंद केल्यावरही इंजिन दोन-चार धक्के मारत चालू राहतं. हे टायमिंग आहे का?

चावी बंद म्हणजे ठिणगीच बंद, मग टायमिंग थेट कसं असेल? आत काहीतरी तापून लाल झालंय, कार्बनचा थर किंवा प्लगचं टोक, त्यावर मिश्रण आपोआप पेटतंय. आयडल फार वर ठेवलं असेल तर आधी ते खाली आणा, निम्म्या गाड्यांचं तेवढ्यावर भागतं. मग प्लगची हीट रेंज बघा. हां, टायमिंग फार रिटार्ड असून इंजिन मुळातच तापत असेल तर आडून तेही कारण होतं, म्हणून लाइट एकदा मारून घ्याच. एवढं करूनही थांबत नसेल तर हेड उघडून कार्बन काढायची वेळ आलीये.